सर्किट डायग्राम कशात काढावी?

गेल्या जूनमध्ये माझा टेबलावरचा पॉवर सप्लाय अर्धा बंद पडला. धन बाजूला १२ व्होल्ट व्यवस्थित मिळत होते, ऋण बाजूला काहीच येत नव्हते. हा सप्लाय मी २००९ साली स्वतः बांधला होता. १२-०-१२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, १एन४००७ डायोडांचा ब्रिज, दोन्ही बाजूंना हजार-हजार मायक्रोफॅरडचे कपॅसिटर, व्होल्टेज स्थिर ठेवण्यासाठी धन बाजूला एलएम३१७ आणि ऋण बाजूला एलएम३३७ हे आयसी, एवढाच त्याचा पसारा. दुरुस्ती अर्ध्या तासाची होती; पण तिला दोन संध्याकाळी लागल्या, कारण त्याची आकृती ज्या प्रोग्रॅममध्ये काढली होती तो आता माझ्या संगणकावर चालत नाही, फाइल त्याच्या स्वतःच्या बायनरी स्वरूपात आहे आणि तो तयार करणारी छोटी कंपनी केव्हाच बंद झाली आहे. त्या प्रोग्रॅममध्ये काढलेल्या माझ्या चौदा फाइली जशाच्या तशा जपलेल्या आहेत, आणि त्यांतली एकही उघडत नाही.

शेवटी झिरो पीसीबी, म्हणजे ज्यावर घटक हाताने सोल्डर करतात तो भोकाभोकांचा बोर्ड, उलटा करून, मल्टिमीटरच्या बझरने एकेक जोडणी तपासत सर्किट पुन्हा कागदावर उतरवावे लागले. त्यातही बराच वेळ मी चुकीच्या वाटेने गेले. एलएम३१७ च्या टीओ-२२० या तीन पिनांच्या आवरणात मधली पिन आउटपुटची असते, तर एलएम३३७ मध्ये मधली पिन इनपुटची असते. बाहेरून दोन्ही आयसी सारखेच दिसतात. हे माझ्या ध्यानात नसल्यामुळे, जोडणी मुळातच उलटी झाली असावी असा माझा समज झाला. प्रत्यक्षात जोडणी बरोबर होती आणि आयसी जळला होता. आकृती समोर असती, आणि तिच्यावर पिनांचे क्रमांक असते, तर पहिल्या पाच मिनिटांत हे कळले असते.

तेव्हापासून हौशी माणसाने सर्किट कशात काढावे, या प्रश्नाकडे मी पूर्वीपेक्षा वेगळ्या नजरेने पाहू लागले आहे. पूर्वी मी विचारत असे की कोणते सॉफ्टवेअर शिकायला सोपे आहे आणि कोणात चिन्हे सुबक दिसतात. आता मी आधी विचारते की ही आकृती दहा वर्षांनी कोण उघडणार आहे आणि तेव्हा तिच्यातून काय समजायला हवे. व्यावसायिक माणसाच्या मागे कार्यालय असते, नोंदी असतात, सहकारी असतात. हौशी माणसाचे सर्किट दहा वर्षांनी पुन्हा हातात घेणारी व्यक्ती बहुधा तो स्वतःच असतो, आणि तोपर्यंत तो सगळे विसरलेला असतो.

यासाठी एक भेद आधी स्पष्ट असायला हवा. सर्किटचे नुसते चित्र काढणे ही एक गोष्ट आहे आणि सर्किट काढणे ही दुसरी. इंकस्केपसारख्या चित्रकलेच्या प्रोग्रॅममध्ये अतिशय देखणी आकृती काढता येते, पण त्या प्रोग्रॅमच्या दृष्टीने रेझिस्टर म्हणजे काही रेषा आणि वायर म्हणजे आणखी एक रेषा. ती रेषा पिनपर्यंत पोहोचली आहे की केसभर अलीकडे थांबली आहे, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. सर्किटसाठीच बनवलेला प्रोग्रॅम मात्र चित्राच्या मागे जोडण्यांची यादी ठेवतो, जिला नेटलिस्ट म्हणतात: आर१ या रेझिस्टरची दुसरी पिन, सी३ या कपॅसिटरची पहिली पिन आणि यू१ या आयसीची तिसरी पिन एकाच बिंदूला जोडलेली आहेत, अशा स्वरूपाची. या यादीवरूनच पुढे पीसीबी, म्हणजे छापील जोडण्यांचा बोर्ड, आखता येतो, सिम्युलेशन, म्हणजे सर्किट संगणकावरच चालवून पाहणे, करता येते आणि एखादी पिन मोकळी राहिली असेल तर तसा इशाराही मिळतो. लेखात छापण्यापुरती एखादी आकृती हवी असेल तर चित्र पुरेसे आहे. जे सर्किट आपण सोल्डर करणार आहोत, त्यासाठी माझ्या मते नेटलिस्ट असलेलाच प्रोग्रॅम घ्यावा, मग पीसीबी करायचा असो वा नसो. आपल्यापैकी बरेच जण झिरो पीसीबीवरच काम करतात आणि म्हणून या प्रोग्रॅमांना आपल्या कामाचे मानत नाहीत. मीही अनेक वर्षे तसेच मानत होते.

मी सध्या किकॅड वापरते. फ्रान्समधील ग्रेनोबल येथे अध्यापन करणाऱ्या झाँ-पिएर शारास यांनी १९९२ साली ते सुरू केले, २०१३ पासून सर्न या संशोधन संस्थेने त्याच्या विकासात हातभार लावला, आणि आज जगभरातले लोक मिळून ते पुढे नेत आहेत. ते मोफत आणि मुक्त आहे (मुक्त म्हणजे त्याचा कोड कोणालाही पाहता आणि बदलता येतो), विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालते, आणि त्यात पानांची, घटकांची किंवा बोर्डाच्या आकाराची मर्यादा नाही. परंतु मी ते निवडले ते फाइलच्या स्वरूपासाठी. किकॅडची सर्किट फाइल साध्या मजकुराची असते. कोणत्याही मजकूर-संपादकात ती उघडली तर कंसांच्या आत घटकाचे नाव, मूल्य, जागा आणि वायरींचे निर्देशांक वाचता येतात. २०२१ च्या अखेरीस आलेल्या सहाव्या आवृत्तीपासून, सर्किटमध्ये वापरलेली चिन्हे त्या फाइलमध्येच साठवली जातात. त्यामुळे पुढे लायब्ररी बदलली किंवा हरवली तरी जुनी आकृती शाबूत राहते. मधल्या काळात किकॅडही बंद पडले, असे क्षणभर गृहीत धरले, तरी त्या फाइलमधून माझे सर्किट परत मिळवता येईल. एक खबरदारी मात्र घ्यावी लागते. नवी आवृत्ती जुन्या फाइली उघडते, पण नव्या आवृत्तीत जतन केलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही. घरात दोन संगणक असतील तर दोन्हींवर एकच आवृत्ती ठेवावी.

किकॅड पहिल्या दिवशी आपलेसे वाटेल असे मी म्हणणार नाही. माझा पहिला आठवडा दोन अडचणींत गेला, आणि त्या जवळजवळ प्रत्येकाला येतात म्हणून इथे सविस्तर सांगते. पहिली अडचण ग्रिडची, म्हणजे पडद्यावरच्या आखीव चौकटींची, होती. किकॅडच्या लायब्ररीतील चिन्हांच्या पिना १.२७ मिलिमीटरच्या, म्हणजे ५० मिलच्या, ग्रिडवर बसवलेल्या असतात. बाजारात मिळणाऱ्या एका छोट्या बक कन्व्हर्टर (व्होल्टेज कमी करणाऱ्या) मॉड्यूलचे चिन्ह मी स्वतः तयार केले आणि त्या वेळी ग्रिड बारीक करून ठेवला होता. परिणामी चिन्हाच्या पिना ग्रिडबाहेर गेल्या. वायर पिनला टेकलेली दिसायची, पण जोडलेली नसायची. पडद्यावर नीट पाहिले तर मोकळ्या पिनच्या टोकाशी बारीक वर्तुळ दिसते आणि जोडणी झाली की ते नाहीसे होते. ही खूण ओळखायला शिकल्यानंतर माझा निम्मा त्रास संपला. ग्रिड ५० मिलवरून हलवायचाच नाही, हा नियम पाळल्यावर उरलेलाही संपला.

दुसरी अडचण तपासणीची. किकॅडमध्ये विद्युत नियमांची तपासणी करण्याची सोय आहे. ती चालवली तेव्हा माझ्या अगदी बरोबर असलेल्या पॉवर सप्लायवर लाल बाणांचा पाऊस पडला: एलएम३१७ च्या इनपुट पिनला वीज कुठूनच मिळत नाही, अशी तक्रार. कारण असे की, कोणती पिन वीज देते आणि कोणती घेते हे प्रत्येक चिन्हात नोंदवलेले असते. ट्रान्सफॉर्मर, डायोड आणि कपॅसिटर यांच्या पिना या दोन्हींत बसत नाहीत, त्या निष्क्रिय प्रकारच्या असतात. त्यामुळे वीज डायोडांतून येते आहे हे प्रोग्रॅमला समजत नाही, आणि त्या ठिकाणी ‘पॉवर फ्लॅग’ नावाचे चिन्ह ठेवून ते आपण सांगावे लागते. ग्राउंडसाठीही तसेच. नवखा माणूस या टप्प्यावर वैतागून तपासणी कायमची बंद करतो. तसे करू नये. माझ्या प्रीअँपच्या सर्किटमध्ये एलएम३५८ होता. या एका आयसीत दोन ऑप-अँप (सिग्नल वाढवणारे घटक) असतात आणि किकॅडमध्ये त्याची दोन त्रिकोणी चिन्हे व वीजपुरवठ्याच्या पिनांचे तिसरे वेगळे चिन्ह असते. मी दोन्ही त्रिकोण मांडले आणि तिसरे चिन्ह ठेवायलाच विसरले. आकृती पूर्ण दिसत होती, पण आयसीला वीजच दिलेली नव्हती. ते तपासणीत पकडले गेले, मला दिसले नव्हते.

किकॅडमधल्या एका सोयीचे मला विशेष अप्रूप आहे. २०२३ मध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीपासून आकृतीवरील मजकुरासाठी संगणकावरचा कोणताही फॉन्ट वापरता येतो, त्यामुळे मी माझ्या टीपा आता आकृतीवरच मराठीत लिहिते. पॉवर सप्लायच्या नव्या आकृतीवर एलएम३३७ शेजारी मी लिहून ठेवले आहे की, याच्या पिना ३१७ पेक्षा वेगळ्या आहेत, आणि दोघे एकाच हीट सिंकवर असल्याने दोघांच्याही टॅबखाली अभ्रकाची चकती हवी, कारण ३१७ चा टॅब आउटपुटला आणि ३३७ चा टॅब इनपुटला जोडलेला असतो. घटक कशाला जोडले आहेत हे रेषा सांगतात. ते तसे का जोडले आहेत हे सांगायला शब्दच लागतात, आणि ते आपल्या भाषेत असले की वर्षांनंतरही चटकन समजतात.

दुसरा प्रोग्रॅम, जो मी किकॅडच्या जोडीने वापरते, तो सिम्युलेशनसाठीचा एलटीस्पाइस. तो मोफत आहे, पण मुक्त नाही. लिनिअर टेक्नॉलॉजी या कंपनीने तो बनवला आणि २०१७ मध्ये ती कंपनी अॅनालॉग डिव्हायसेसमध्ये विलीन झाल्यापासून तो त्यांच्याकडे आहे. त्याच्या मुळाशी असलेले स्पाइस हे सिम्युलेशनचे सॉफ्टवेअर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत १९७० च्या दशकात तयार झाले. एलटीस्पाइसमध्ये सर्किट काढणे फार झटपट होते. कीबोर्डवर आर दाबले की रेझिस्टर हातात येतो, सी दाबले की कपॅसिटर. किकॅडमध्ये मात्र आर दाबल्यावर हातातले चिन्ह फिरते, त्यामुळे एका संध्याकाळी दोन्ही वापरताना बोटांचा गोंधळ होतो. एक धोका आवर्जून सांगायला हवा. स्पाइसमध्ये एम हे अक्षर, लहान असो वा मोठे, मिलिसाठी आहे. एक मेगओहमचा रेझिस्टर म्हणून १ एम लिहिले तर प्रोग्रॅम तो एक मिलिओहम मानतो. मेगासाठी मेग अशी तीन अक्षरे लिहावी लागतात. तसेच, एक फॅरड म्हणून आकड्यापुढे एफ लिहिला तर तो फेम्टो समजला जातो. माझा एक संपूर्ण रविवार या एम अक्षरापायी गेला होता.

पॉवर सप्लायच्या दुरुस्तीनंतर मी त्याचा ब्रिज आणि कपॅसिटरचा भाग एलटीस्पाइसमध्ये काढला आणि भार म्हणून अर्ध्या अँपिअरचा करंट सोर्स लावला. हजार मायक्रोफॅरडवर रिपल, म्हणजे व्होल्टेजमधला चढउतार, चार व्होल्टच्या आसपास दिसला. कागदावरचा हिशोबही तेच सांगतो: अर्धा अँपिअर भागिले शंभर हर्ट्झ भागिले एक मिलिफॅरड, म्हणजे जास्तीत जास्त पाच व्होल्ट. एलएम३१७ ला नीट चालण्यासाठी इनपुट आउटपुटपेक्षा दोन-अडीच व्होल्टने वर लागते, त्यामुळे पूर्ण भारावर माझे १२ व्होल्ट दर अर्ध्या आवर्तनात खाली घसरत होते, आणि चौदा वर्षांहून अधिक काळ ते मला माहीत नव्हते. पुण्याच्या बुधवार पेठेतून ४७०० मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर आणून बसवले आणि रिपल एका व्होल्टच्या आत आला. म्हणून सिम्युलेशनचा प्रोग्रॅम मी हौशी माणसासाठी चैनीची गोष्ट मानत नाही. तरीही सर्किटची कायमची आकृती मी तिथे ठेवत नाही, कारण सिम्युलेशनच्या आकृतीत कनेक्टर, फ्यूज, पिन क्रमांक आणि आवरणाचा प्रकार यांना जागा नसते, आणि दुरुस्तीच्या वेळी नेमके तेच लागते. पाचव्या आवृत्तीपासून किकॅडच्या पोटातही एनजीस्पाइस हा सिम्युलेशनचा प्रोग्रॅम आहे. एकाच ठिकाणी दोन्ही कामे करायची असतील तर तो मार्ग मोकळा आहे, पण मला एलटीस्पाइसचा हात बसलेला आहे.

ईगल या सर्किट-प्रोग्रॅमचा उल्लेख टाळता येणार नाही, कारण अनेक वर्षे हौशी जगात तेच चलनी नाणे होते. १९८८ साली जर्मनीतील कॅडसॉफ्टने ते आणले, २००९ मध्ये ते फार्नेल या कंपनीकडे गेले, २०१६ मध्ये ऑटोडेस्क या कंपनीकडे, आणि २०१७ पासून ते वर्गणीवर मिळू लागले. २०२३ मध्ये ऑटोडेस्कने जाहीर केले की ७ जून २०२६ नंतर स्वतंत्र ईगल मिळणार नाही. त्याचे काम ऑटोडेस्कच्याच फ्यूजन या प्रोग्रॅममध्ये सामावले आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये हे उघड आहे. मात्र या इतिहासात मला महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. सहाव्या आवृत्तीपासून ईगलच्या फाइली एक्सएमएल, म्हणजे वाचता येण्याजोग्या मजकुराच्या झाल्या होत्या, आणि त्यामुळेच किकॅडला त्या आयात करता येतात. ज्यांची वर्षानुवर्षांची सर्किटे ईगलमध्ये आहेत त्यांच्या हातून ती गेलेली नाहीत. माझ्या चौदा फाइलींच्या नशिबी ते नव्हते. प्रोग्रॅम बंद पडणे टाळणे कोणाच्याच हाती नसते. फाइल कोणत्या स्वरूपात साठते, हे निवडताना पाहता येते.

ब्राउझरमध्ये चालणाऱ्या प्रोग्रॅमांपैकी ईझीईडीए सर्वांत पुढे आहे. चीनमधील शेंझेनच्या या प्रोग्रॅमची तिथल्याच घटक विकणाऱ्या आणि पीसीबी बनवणाऱ्या कंपन्यांशी थेट जोडणी असल्याने, आकृतीतला घटक प्रत्यक्ष विक्रीला आहे की नाही हे तिथल्या तिथे दिसते, आणि पीसीबी मागवायचा असेल तर ही फार मोठी सोय आहे. एका संध्याकाळचे काम असेल तर तो खुशाल वापरावा. पण आपली एकमेव प्रत दुसऱ्याच्या सर्व्हरवर ठेवू नये. दर वेळी फाइल आणि पीडीएफ दोन्ही उतरवून घ्यावीत. २०२४ मध्ये आलेल्या किकॅडच्या आठव्या आवृत्तीत ईझीईडीए आणि एलटीस्पाइस या दोन्हींच्या फाइली आयात करण्याची सोय झाली आहे, त्यामुळे पुढे विचार बदलला तरी वाट बंद होत नाही.

फ्रिट्झिंग या प्रोग्रॅममध्ये ब्रेडबोर्डचे (सोल्डर न करता घटक खोचून जोडण्याच्या बोर्डाचे) चित्र काढून रंगीत वायरी दाखवता येतात. शाळेतल्या मुलांना एखादे प्रात्यक्षिक समजावून द्यायला मी त्याचा वापर केला आहे आणि त्या कामासाठी त्याला तोड नाही. सर्किट समजून घेण्यासाठी मात्र ब्रेडबोर्डचे चित्र उपयोगी पडत नाही, कारण त्यात वायर कुठून कुठे गेली हे दिसते, सिग्नल कुठून कुठे गेला हे दिसत नाही.

माझा भाचा कोल्हापूरला डिप्लोमा करतो. त्याच्या कॉलेजात सर्किट काढण्याचा आणि सिम्युलेशनचा प्रोटिअस हा प्रोग्रॅम आहे आणि घरी तो विकत घेणे परवडणारे नाही. तो मला म्हणाला, “मावशी, परीक्षेपुरतं कॉलेजात शिकतो, पण घरी करायचं काय?” त्याला मी आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने तयार केलेले ईसिम दाखवले. आकृती काढण्यासाठी त्यात किकॅडच आहे आणि सिम्युलेशनसाठी एनजीस्पाइस. विद्यार्थ्याला एका जागी सर्व मिळावे अशी त्याची रचना आहे, आणि ते मोफत आहे. इतरांनी अनधिकृत प्रती मिळवून दिल्या तरी त्या घेऊ नकोस, असेही मी त्याला बजावले. त्यात नीतीचा प्रश्न आहेच, शिवाय अशा प्रतीत साठवलेल्या कामाचे भवितव्य माझ्या चौदा फाइलींसारखेच असते.

निवड करताना वेगवेगळ्या प्रोग्रॅमांची वैशिष्ट्ये वाचत बसण्यापेक्षा, आपण प्रत्यक्ष बांधलेले एखादे मध्यम आकाराचे सर्किट घ्यावे आणि तेच दोन प्रोग्रॅमांत काढून पाहावे, असे मी सुचवीन. त्या सर्किटात एकाच आवरणात दोन ऑप-अँप असलेला आयसी असावा, लायब्ररीत न सापडणारा एक तरी घटक असावा आणि एखादी दुहेरी (धन आणि ऋण) वीजरेषा असावी. नवे चिन्ह तयार करायला किती वेळ लागतो, यावरून प्रोग्रॅमचा स्वभाव लवकर कळतो, कारण आपल्या बाजारात मिळणारी मॉड्यूल्स कोणत्याच लायब्ररीत पूर्णपणे सापडत नाहीत. एखादा घटक सरकवला तर वायरी सोबत येतात की तुटतात, तेही पाहावे. किकॅडमध्ये एम दाबून सरकवल्यास वायरी मागे राहतात आणि जी दाबून ओढल्यास सोबत येतात, आणि हे माहीत नसल्याने बरेच जण उगाच चिडतात. शेवटी आकृती ए-४ कागदावर काळ्या शाईत छापून पाहावी. पडद्यावर रंगांमुळे सुटसुटीत वाटणारी आकृती कागदावर पुष्कळदा दाटीवाटीची निघते. रेझिस्टरचे चिन्ह किकॅडमध्ये आयईसी या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या पद्धतीने आयताकृती येते. शाळेपासून ज्यांच्या डोळ्यांत नागमोडी रेषा बसली आहे त्यांच्यासाठी त्याच लायब्ररीत तेही चिन्ह आहे. कोणतेही एक घ्यावे, पण एका आकृतीत दोन्ही मिसळू नयेत.

प्रोग्रॅम कोणताही घेतला तरी मांडणीचे जुने नियम आपल्यालाच पाळावे लागतात. सिग्नल डावीकडून उजवीकडे जावा, धन वीजरेषा वर आणि ग्राउंड खाली असावे, चार वायरी एकाच बिंदूत मिळवू नयेत तर जोड थोडे सरकवून दोन ठिकाणी करावेत. चार वायरींच्या जोडावरचा ठिपका छपाईत पुसट झाला की तो जोड आहे की नुसती वायरीवरून गेलेली वायर, हे कळायला मार्ग राहत नाही. प्रत्येक वायर शेवटपर्यंत ओढण्याचा अट्टहास न करता नावे देऊन जोडावे, पण नावांचाही अतिरेक करू नये. ज्या आकृतीत एकही लांब वायर नाही, ती वाचताना बोट सतत पानभर शोधत फिरते.

आता प्रत्येक सर्किट पूर्ण झाले की मी त्याची किकॅडची फाइल, पीडीएफ आणि एक छापील प्रत अशा तीन गोष्टी ठेवते. छापील प्रत घडी करून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्या उपकरणाच्या डब्यातच ठेवते. पॉवर सप्लायची नवी आकृती त्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवली आहे. जुन्या चौदांपैकी सहा सर्किटे आतापर्यंत बझर लावून पुन्हा उतरवून झाली आहेत. सातवे शॉर्टवेव्ह रेडिओचे आहे. त्याच्या आयएफटीच्या, म्हणजे रेडिओतल्या छोट्या ट्रान्सफॉर्मरच्या, पाच पिनांपैकी कोणत्या दोन कुठल्या वेढ्याच्या आहेत, हे येत्या रविवारी मोजायचे आहे.